छर्र्यांची परीक्षा घ्यायला स्वस्तातला स्कोप कसा निवडावा

गेल्या हिवाळ्यात भाचा घरी आला तो हातात कागद घेऊनच. एअर रायफलीने दहा मीटरवरून मारलेले पाच छर्रे, आणि पाचही कागदभर पांगलेले. "मामा, छर्रे खराब आहेत की रायफल?" मी म्हटलं, "तिसरा पण आहे ना हिशेबात. तुझा डोळा. आधी त्याला बाजूला काढू, मग बाकी दोघांचं बघू."

डोळ्याची चूक शक्य तेवढी कमी करायची आणि रायफल नि छर्रा यांची खरी कुवत कागदावर बघायची, एवढ्याचसाठी या कामात स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण, लागतो. म्हणून तो निवडताना 'किती लांबचं दिसतं' हा प्रश्न दुय्यम. आज जिथे दाखवतो, उद्याही तिथेच दाखवेल का, हे आधी बघायचं. नाहीतर तीन संशयितांत चौथ्याची भर पडते.

इथे मी ४.५ मिमी म्हणजे ०.१७७ इंच बोअरच्या एअर रायफलीबद्दलच बोलतो आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे या बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. पण ती पक्ष्यांवर रोखणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि नागपूरच्या चहूबाजूंनी जंगल असताना हे मनात पक्कं असायला हवं. पेंचच्या किंवा उमरेडच्या रस्त्याने फिरायला जाताना रायफल गाडीत टाकूच नका.

अजून एक. दहा मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्कोप चालत नाही. तिथे भोकातून बघायची पीप साइट असते आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर कांस्यपदक मिळवलं, तेही स्कोपशिवाय. त्यामुळे स्पर्धेत उतरायचं असेल तर स्कोपची सवय लावून घेऊ नका. छर्रा ठरेपर्यंत बसवा, मग उतरवा.

दुकानात जाण्याआधी

रायफल कुठल्या जातीची आहे ते बघा. नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली असेल तर तिचा धक्का दुहेरी असतो. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला पोचून थांबतो तेव्हा ती पुढे ओढली जाते. मोठ्या काडतुसी रायफलीचे स्कोप मागच्या धक्क्यासाठी बनवलेले असतात, या पुढच्या झटक्याने त्यांच्या आतली भिंगं आणि फुली (नेम धरायच्या उभ्या-आडव्या रेघा) ढिली होते. मी स्वतः यात पैसे घालवले आहेत. चकचकीत ३-९×४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ४० मिमीचं) घेतला, दोन-तीनशे छर्र्यांत त्याची फुली तिरकी झाली आणि मग नेम सरकवायच्या नॉबचे क्लिक फिरवले तरी ती जागची हलेना. तेव्हा स्प्रिंगवालीसाठी खोक्यावर 'एअरगनसाठी' असं स्पष्ट लिहिलेलाच स्कोप घ्यायचा. हवा भरून ठेवायच्या पीसीपी रायफलीला धक्का जवळजवळ नसतो, तिथे निवड मोकळी.

मग रायफलीच्या पाठीवरची खाच मोजा. एअर रायफलीवर बहुधा ११ मिमीची डवटेल, म्हणजे तिरप्या कडांची खाच, असते. बाजारात मिळणारे बरेच माउंट (स्कोप रायफलीवर धरणाऱ्या पकडी) जवळपास दुप्पट रुंदीच्या पिकॅटिनी पट्टीचे असतात आणि ते डवटेलवर बसतच नाहीत. स्कोपची नळी २५.४ मिमीची की ३० ची, हेही बघा. माउंटच्या रिंगा त्याच मापाच्या लागतात.

पॅरॅलॅक्स: पैसे इथे घाला

लोक मॅग्निफिकेशनच्या आकड्याला भुलतात. साधा हिशेब करा. ९ पटीच्या स्कोपमधून दहा मीटरवरचा कागद १.१ मीटरवर धरल्यासारखा दिसतो. ४ पटीतून अडीच मीटरवर. छर्र्याचं भोक अडीच मीटरवरूनही दिसतं! पंचवीस मीटरवर परीक्षा घ्यायची असेल तर ९ पट उपयोगी पडते, त्यापुढचे आकडे या कामात वाया जातात.

खरी फसगत पॅरॅलॅक्सची. स्कोपची फुली आणि कागदाची प्रतिमा एकाच प्रतलात नसली की डोळा हलला तसा नेमही हलतो. आगगाडीतून बघताना जवळची झाडं लांबच्या डोंगरावरून सरकताना दिसतात, तसंच. साधे स्कोप कारखान्यातच १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर जुळवून पक्के केलेले असतात. असा ४० मिमी भिंगाचा स्कोप दहा मीटरवर वापरला तर डोळा कडेला गेल्यावर नेम सुमारे १८ मिमीपर्यंत चुकू शकतो. ९ पटीवर स्कोपमधून डोळ्यात येणारा उजेडाचा झोत फक्त ४.४ मिमी रुंद असतो, म्हणून डोळा मध्यापासून जेमतेम एक मिमी सरकला तरी कागदावर आठ-नऊ मिमीचा फरक पडतो. दोन छर्र्यांएवढा! भाच्याने नंतर मित्राचा स्कोप लावून काढलेला ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छर्र्यांच्या भोकांचा पुंजका, जवळजवळ एवढाच पसरला होता आणि तो छर्र्यांना शिव्या देत होता.

म्हणून पुढच्या भिंगावर किंवा बाजूच्या नॉबवर अंतर जुळवायची सोय असलेला, आणि ते अंतर १० यार्डांपर्यंत खाली येणारा स्कोप घ्या. पुढच्या भिंगावरच्या या सोयीला एओ म्हणतात. ३-९×३२ एओ किंवा ४-१२×४० एओ ही मापं आपल्या कामाला पुरेशी आहेत. दिवे लागणारी फुली, मोठं पुढचं भिंग, फर्स्ट फोकल प्लेन (झूमबरोबर फुलीही लहान-मोठी होण्याची सोय) यांवर या कामासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

एओ परवडत नसेल किंवा हातात आधीच साधा स्कोप असेल, तर एक घरगुती उपाय आहे. काळ्या पुठ्ठ्याची चकती कापा, मधोमध १० मिमीचं भोक पाडा आणि पुढच्या भिंगावर बसवा. ४० मिमीच्या भिंगाची ती १८ मिमीची चूक साडेचारवर येते, शिवाय कागदही स्पष्ट दिसू लागतो. उजेड कमी होतो, पण नागपूरच्या उन्हात उजेडाचा तुटवडा कुणाला आहे?

दुकानातच घ्यायची परीक्षा

शाळेचा मिलिमीटरचा आलेख कागद आणि बुटाचं रिकामं खोकं सोबत न्या. खोक्याच्या दोन समोरासमोरच्या भिंतींना वरून व्ही आकाराचे काप घाला, झाला स्टँड. खोकं स्थिर ठेवा, स्कोप त्या कापांत टेकवा आणि दहा मीटरवर भिंतीला आलेख कागद लावायला सांगा. दुकानदार जाणकार असेल तर आनंदाने लावेल. ऑनलाइन मागवला असेल तर परत करायची मुदत संपण्याआधी घरीच करा.

आधी डोकं हळूच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा, स्कोपला हात न लावता. दहा मीटरवर जुळवलेला एओ चांगला असेल तर फुली चौकोनांवरून सरकणार नाही.

मग क्लिक तपासा. बहुतेक स्वस्त स्कोपवर एक क्लिक पाव मिनिटाचा असतो, इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. दहा मीटरवर एक मिनिट २.९ मिमी भरतं, म्हणजे एक क्लिक सुमारे ०.७ मिमी. चाळीस क्लिक फिरवा, फुली २९ मिमी सरकायला हवी. २६ किंवा ३२ सरकली तरी एक वेळ चालेल, दर वेळी तेवढीच सरकत असेल तर. पण चाळीस पुढे, चाळीस मागे केल्यावर फुली आधीच्या रेघेवर परत येत नसेल तर तो स्कोप तिथेच ठेवा, कितीही स्वस्त असला तरी. उभा नॉब फिरवताना फुली आडवी सरकते का तेही बघा.

शेवटी झूम कमी-जास्त करा. ३ वरून ९ वर जाताना फुलीचा मध्य कागदावरून हलत असेल तर परीक्षेच्या वेळी झूमला हात लावायचा नाही, किंवा दुसरा स्कोप मागायचा.

बसवताना

स्कोपवर जेवढा विचार केला त्याच्या निम्मा तरी माउंटवर करा. माझ्या मते स्वस्त स्कोप आणि चांगला माउंट ही जोडी उलट्या जोडीपेक्षा कैक पटीने भरवशाची. स्प्रिंगवालीसाठी एकसंध माउंट घ्या, आणि त्याला खाली थांबा-पिन हवी. ती रायफलीच्या भोकात उतरली नाही तर माउंट दर छर्र्यागणिक केसभर मागे घसरतो. पाचव्या छर्र्याला कळत नाही, पन्नासाव्याला कळतं.

माउंट शक्य तितका बुटका घ्या. डोळ्याची रेघ नळीच्या वर चार सेंटीमीटर असेल आणि छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने जात असेल, तर दहा मीटर जाईपर्यंत तो आणखी दीड सेंटीमीटर खाली येतो. नळी आणि स्कोप समांतर धरले तर साडेपाच सेंटीमीटर भरून काढायचे, म्हणजे पाऊणशेच्या वर क्लिक. नॉब असा टोकाला गेला की आतली स्प्रिंग सैल पडते आणि क्लिक बेभरवशाचे होतात.

स्कोप पुढे-मागे सरकवून डोळ्यापासून आठ-नऊ सेंटीमीटरवर पूर्ण गोल चित्र दिसतं तिथे ठेवा. फुली सरळ करायला गवंड्याचा ओळंबा वापरा. दहा मीटरवर तो टांगायचा, रायफल पातळीत धरायची आणि उभी रेघ दोरीशी जुळवायची. स्क्रूवरचं तेल पुसा, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, ॲलन की आखूड बाजूने धरून. जोर लावला तर स्कोपच्या नळीला खळगा पडतो.

कागदावर

एवढी लांब ओसरी नसेल तर कुणाच्या शेतावर जा, पण पहाटे. आमच्या ओळखीच्यांचं कळमेश्वरकडे शेत आहे, तिथे नऊनंतर वारा सुटतो आणि उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरायला लागते, पंचवीस मीटरवर कागद नाचतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना बंद गाडीत स्कोप ठेवू नका, आणि पावसाळ्यात भिंगाला बुरशी येऊ नये म्हणून सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

मागे संत्र्याची लाकडी पेटी ठेवा, आत चिंध्या कोंबून आणि त्यामागे लोखंडी पत्रा लावून. पेटीच्या मागे मातीचा बांध किंवा भिंत असावीच. डोळ्यांना चष्मा लावा, आणि छर्रा शिशाचा असतो म्हणून खाण्याआधी साबणाने हात धुवा.

पीसीपी असेल तर वाळू भरलेल्या पिशवीवर टेकवा. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी उत्तम होते. स्प्रिंगवाली कठीण वस्तूवर टेकवलीत की उसळते, ती पिशवीवर ठेवलेल्या उघड्या तळहातावर सैल धरायची आणि दर वेळी त्याच जागी.

छर्रा बदलला की पहिले सात-आठ कागदाबाहेर मारा, नळीला नवा छर्रा रुळू दे. मग प्रत्येक जातीचे पाच-पाचचे पाच ग्रुप काढा, पण सलग नाही. अ, ब, क, परत अ, ब, क. सलग काढले तर शेवटच्या जातीच्या वाट्याला तुमचा थकलेला हात येतो. तीन छर्र्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका, दोन वाईट छर्रेही योगायोगाने शेजारी पडतात. छर्रे वाढले की पसारा वाढतोच, म्हणून पाचच्या ग्रुपची तुलना दहाच्या ग्रुपशी करायची नाही.

मोजताना व्हर्निअरने सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. सपाट तोंडाचा छर्रा कागद स्वच्छ कापतो, गोल तोंडाचा फाडतो, म्हणून जाड कागद घ्या. ग्रुप मध्यापासून किती लांब पडला याची काळजी परीक्षेच्या वेळी करायची नाही. क्लिक नंतर फिरवता येतात, पसारा क्लिकने कमी होत नाही.

सगळ्या जातींचे ग्रुप सारखेच मोठे आले तर छर्र्यांना दोष देण्याआधी माउंटचे आणि रायफलीच्या दस्त्याचे स्क्रू बघा, मग स्कोप पुन्हा खोक्यात ठेवून चाळीस क्लिकची परीक्षा घ्या. भाच्याच्या रायफलीत दस्त्याचा पुढचा स्क्रू ढिला निघाला. तो आवळला, एओ स्कोप बसवला, आणि चार जातींपैकी एकीचे पाचही ग्रुप सहा मिमीच्या आत आले. बाकी तीन बारा-पंधरावरच राहिले, त्यांत त्या दिवशीचा सगळ्यांत महाग छर्राही होता. ज्या डब्यातले छर्रे जमले त्याचं वजन, डोक्याचं माप आणि लॉटचा आकडा त्याने वहीत लिहून घेतला, कारण ४.५१ आणि ४.५२ मिमी डोक्याचे छर्रे एकाच नावाच्या डब्यात मिळतात आणि त्याच नळीतून वेगळे वागतात.