तीन सर्व्हरांची गाडी उलार होऊ नये म्हणून

आमच्या आजोबांची उसाची बैलगाडी होती. मोळ्या मागच्या बाजूला जास्त झाल्या की गाडी उलार व्हायची, जू वर उचललं जायचं. पुढे जास्त झाल्या की सगळा भार बैलांच्या मानेवर. आजोबा मोळ्या मोजत बसायचे नाहीत, जू हाताने उचलून बघायचे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सर्व्हर सांभाळते, आणि मोळ्या मोजायची चूक मी केली.

आमच्याकडे तीन सर्व्हर आहेत. कृष्णा आणि वारणा यांच्यात प्रत्येकी १२८ जीबी रॅम, आणि जुना येरळा ६४ जीबीचा. तिघांवर प्रॉक्समॉक्स व्हीई. हे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारं, व्हिएन्नाच्या एका कंपनीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, २००८ पासून चालू आहे. खाली डेबियन हे लिनक्स आणि त्यात व्हीएम चालवणारं केव्हीएम, जे २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० कर्नलमध्ये आलं. फुकट वापरता येतं, आणि आमच्या अकाउंट्स विभागाला हे एकच वैशिष्ट्य समजतं. वर तेरा व्हीएम: परीक्षेचं मूडल, त्याचा डेटाबेस, ग्रंथालयाचं कोहा, हजेरी, दोन डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारे), बाकी किरकोळ.

आधी काय झालं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलंय. अंतर्गत परीक्षा चालू असताना वारणाचा पॉवर सप्लाय गेला. मामा धावत आले, "मॅडम, बत्ती तांबडी झालीय." मी निवांत होते, एचए (सर्व्हर पडला की त्याच्या व्हीएम दुसरीकडे उठवणारी सोय) लावलेलं होतं. दोनेक मिनिटांत वारणावरच्या पाचही व्हीएम दुसरीकडे उठल्या. मुलांनी पुन्हा लॉगिन केलं. वीस मिनिटांनी मूडलचा डेटाबेस मेला.

शोधल्यावर कळलं की एचएने पाचांपैकी चार व्हीएम येरळावर टाकल्या होत्या. प्रॉक्समॉक्सची मूळ मांडणी 'बेसिक' असते: ज्या नोडवर (म्हणजे सर्व्हरवर) एचएच्या व्हीएम कमी, तिथे पुढची टाकायची. डोकी मोजायची, वजन नाही. कृष्णावर सहा होत्या, येरळावर दोनच छोट्या, म्हणून येरळा मोकळा. तिथे आता नेमून दिलेल्या रॅमची बेरीज झाली ८० जीबी, आणि मशीन ६४ ची. व्हीएम सुरू होताना सगळी रॅम लगेच घेत नाही, लागेल तशी घेते, म्हणून सुरुवातीला काहीच बोंब झाली नाही. रॅम संपल्यावर कर्नलने सगळ्यात मोठी प्रोसेस मारली, आणि ती ३२ जीबीचा डेटाबेस निघाली.

आता कामाला लागू.

पहिलं काम संगणकावर नाही, कागदावर. सगळ्यात मोठा नोड गेला असं धरा आणि उरलेल्यांची रॅम मांडा. आमचं: ६४ अधिक १२८, १९२ जीबी. त्यातून प्रत्येक नोडसाठी १२ जीबी वगळा, साधारण ४ सिस्टिमला आणि ८ झेडएफएस या डिस्क सांभाळणाऱ्या फाइलसिस्टिमच्या कॅशला. उरले १६८. सगळ्या व्हीएमना नेमून दिलेल्या रॅमची बेरीज याच्या आत हवी. त्या दिवशी माझी बेरीज २१२ होती. म्हणजे दोन मोठ्यांपैकी एकही नोड गेला तरी आम्ही बुडणारच होतो, फक्त कुठे बुडायचं एवढंच एचएने ठरवलं.

झेडएफएसच्या कॅशबद्दल थोडं थांबून. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नव्याने इन्स्टॉल केलं तर ही कॅश रॅमच्या १० टक्क्यांवर आणि जास्तीत जास्त १६ जीबीवर अडवलेली असते. पण आमचं क्लस्टर, म्हणजे तिन्ही सर्व्हरांचा जोडलेला गट, प्रॉक्समॉक्स ७ वर उभं राहिलं आणि अपग्रेड होत आलं, तिथे जुनीच रीत: निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकते. गरज पडली की ती कॅश मागे सरकते खरी, पण दरवेळी वेळेत नाही. अपग्रेड करत आलेल्यांनी मॉडप्रोबच्या फोल्डरमधल्या झेडएफएसच्या फाइलमध्ये कमाल मर्यादा स्वतः लिहावी. आकडा बाइट्समध्ये लागतो, ८ जीबीसाठी ८५८९९३४५९२. सिस्टिमच झेडएफएसवर असेल तर नंतर इनिटरॅमएफएस (सुरू होताना आधी वाचली जाणारी फाइल) अपडेट करून रीबूट करायला विसरू नका. मी विसरले होते, आणि आठवडाभर मर्यादा लागू झालीय असं समजत होते.

मग व्हीएमचे आकडे खरे करा. याला वेळ द्या, बाकी सगळं यावर उभं आहे. विभागांनी मागितली तेवढी रॅम मी देऊन टाकली होती. मागणारा नेहमी दुप्पट मागतो, लग्नातल्या पंगतीच्या अंदाजासारखं. दोन आठवडे, त्यात एक परीक्षेचा दिवस येईल असे, प्रत्येक व्हीएमच्या आत जाऊन 'फ्री' कमांडचा 'अव्हेलेबल' कॉलम लिहून ठेवला. मूडलच्या वेब व्हीएमला २४ जीबी होते, परीक्षेच्या दिवशीही ७ च्या वर गेली नाही. तिला १० दिले. हजेरीच्या व्हीएमचे १६ वरून ६ केले. डेटाबेसचे ३२ मात्र तसेच ठेवले आणि त्याचं बलूनिंग बंद केलं. नोडची रॅम ८० टक्क्यांवर गेली की बलूनिंग व्हीएमकडून रॅम परत मागायला लागतं, आणि डेटाबेसच्या ताटातून घास काढायचा नसतो. शेवटी बेरीज १५६ वर आली. एका विभागप्रमुखांनी आठवडाभर बोलणं टाकलं, पण त्यांची व्हीएम अजून धडधाकट आहे.

आता कुठे सॉफ्टवेअरला हात लावायचा. डेटासेंटर, ऑप्शन्स, क्लस्टर रिसोर्स शेड्युलिंग. तिथे 'बेसिक'च्या जागी 'स्टॅटिक' करा. ही सोय ७.३ पासून आहे. स्टॅटिक मोड व्हीएमला नेमून दिलेले कोअर आणि रॅम बघतो, आणि रॅमला जास्त वजन देतो. सीपीयू कमी पडला तर काम रेंगाळतं, रॅम कमी पडली तर मरतं, म्हणून हे बरोबरच आहे. पण तो प्रत्यक्ष वापर बघत नाही, तुम्ही कागदावर लिहिलेलंच खरं मानतो. आधीचे दोन आठवडे त्यासाठी. खालचा 'रीबॅलन्स ऑन स्टार्ट' पर्यायही चालू करा, म्हणजे एचएमधली व्हीएम सुरू होतानाच योग्य नोड निवडला जातो. माझ्याकडच्या ९.० मध्ये चालू व्हीएम मात्र आपोआप हलत नाहीत.

९.० मध्ये एचएच्या जुन्या ग्रुपच्या जागी नियम आले. दोन डीएनएस वेगवेगळ्या नोडवर राहतील असा नियम पहिला करा. नोड गेला आणि दोन्ही डीएनएस एकत्र गेले की बाकीचं जिवंत असून उपयोग नाही. मूडल आणि त्याचा डेटाबेस मी एकत्र ठेवलेत, आणि दोघांना कृष्णा किंवा वारणा पसंत असं सांगितलंय. 'स्ट्रिक्ट' टिक केलेलं नाही. एक मोठा नोड चालू पण देखभालीसाठी रिकामा केलेला असताना दुसरा गेलाच, तर डेटाबेस बंद राहण्यापेक्षा येरळावर कण्हत का होईना चालावा.

डिस्कचं काय? सेफ (Ceph), म्हणजे सगळ्या नोडच्या डिस्क मिळून एक साठवण, चांगलं आहे, पण त्याला निदान तीन नोड, वेगवान नेटवर्क आणि पुरेशा डिस्क लागतात, आमच्याकडे तेव्हा एक गिगाबिटच होतं. म्हणून झेडएफएस आणि रेप्लिकेशन, म्हणजे ठरावीक वेळाने दुसऱ्या नोडवर प्रत. तिन्ही नोडवर स्टोरेजचं नाव एकच ठेवा, आणि प्रत्येक व्हीएमला दोन जॉब लावा, उरलेल्या दोन्ही नोडकडे एकेक. मूळ वेळ १५ मिनिटांची असते. नोड मेला तर शेवटच्या प्रतीनंतरचं सगळं गेलं. त्या दिवशी अकरा मिनिटांची उत्तरं गेली आणि एका वर्गाची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. डेटाबेसचा जॉब आता दर मिनिटाला चालतो, बाकीच्यांचे १५ वरच आहेत.

नेटवर्कमध्ये कोरोसिंक (नोड एकमेकांची हजेरी घेतात ती यंत्रणा) वेगळ्या तारेवर हवं, याला तडजोड नाही. त्याला रुंद रस्ता नको, रिकामा रस्ता हवा: पाच मिलिसेकंदांच्या आत उत्तर. रात्रीचा बॅकअप त्याच तारेवरून गेला तर नोडला वाटतं की आपण एकटे पडलो. एचए चालू असेल तर साठ सेकंदांत वॉचडॉग त्याला रीबूट करतो. दुसरी लिंकही देऊन ठेवा. क्लस्टर बहुमताने चालतं, म्हणून दोनच नोड असतील तर तिसऱ्या मतासाठी एखाद्या लहानशा मशीनवर क्यूडिव्हाइस लावा, रास्पबेरी पायसुद्धा पुरतो.

व्हीएम हलवायला आम्ही नंतर दोन पोर्टची १० गिगाबिट कार्डं घेतली आणि तिन्ही सर्व्हर एकमेकांना थेट जोडले. तीन तारा, स्विच नाही, खर्च निम्म्याहून कमी. एक गिगाबिटवर ३२ जीबीची व्हीएम हलायला पाच मिनिटं तरी जायची, आणि तेवढ्यात डेटाबेस रॅममधली पानं बदलत राहायचा, ती पुन्हा पाठवायची. आता मिनिटभरात होतं. डेटासेंटरच्या ऑप्शन्समध्ये मायग्रेशन नेटवर्क म्हणून हेच निवडायला हवं, नाहीतर तारा शोभेच्या राहतात. आणि सर्व्हर वेगवेगळ्या वयाचे असतील तर व्हीएमचा सीपीयू 'होस्ट' ठेवू नका. 'एक्स८६-६४-व्ही२-एईएस' ठेवा, म्हणजे नव्या नोडवरून जुन्यावर जाताना व्हीएम लटकणार नाही.

प्रॉक्सएलबी नावाचं वेगळं ओपन सोर्स साधन चालू व्हीएम आपोआप हलवतं. मी आधी ते ड्राय रनवर ठेवून काय हलवणार होतं ते वाचत बसले. नोडांमधल्या वापराच्या फरकाची मर्यादा कमी ठेवली तर ते अंगणातल्या कोंबडीसारखं एकाच व्हीएमला इकडून तिकडे पळवतं. प्रॉक्समॉक्सऐवजी एक्ससीपी-एनजी वापरणाऱ्यांना झेन ऑर्केस्ट्राचं लोड बॅलन्सर प्लगइन आहे, त्यात कामगिरीसाठी पसरवायचं की वीज वाचवायला दाटीवाटीने बसवायचं हे निवडता येतं. तेरा व्हीएमसाठी मला हातानेच बरं वाटतं. दर सोमवारी नोडच्या समरी पानावर प्रेशरचे आलेख बघते. ९.० पासून ते तिथेच दिसतात: सीपीयू, रॅम, डिस्क यांपैकी कशासाठी कामं ताटकळली. सीपीयू ७० टक्के असून ताटकळ शून्य असेल तर काही हलवायचं नाही. सीपीयू २० टक्के आणि डिस्कची ताटकळ चढलेली असेल तर हलवायचं, आणि आमच्याकडे दरवेळी ते कोहाचं रात्रीचं इंडेक्सिंग निघतं.

सगळं झाल्यावर एका रविवारी चाचणी घेतली. मी खुर्चीवर स्टॉपवॉच घेऊन, मामा सर्व्हरच्या मागे. "मामा, वारणाची वायर काढा." मामांनी काढली, आणि पडद्यावर कृष्णा लाल झाला. तीन मिनिटांच्या आत सगळ्या व्हीएम उठल्या, डेटाबेस वारणावर गेला, येरळावर फक्त दोन हलक्या आल्या. वीस मिनिटं थांबले, मग आणखी वीस. काही मेलं नाही. नावाच्या पाट्या सर्व्हरच्या फक्त पुढे होत्या. सोमवारी मागेही चिकटवल्या.