नवं कुरुमे कासुरी धुताना

जपानच्या फुकुओका प्रांतातलं कुरुमे कासुरी म्हणजे विणण्याआधीच सूत जागोजागी बांधून निळीत बुडवलेलं सुती कापड. नक्षीच्या कडा किंचित विस्कटलेल्या दिसतात. तो दोष नव्हे, बांधलेल्या सुताची ती खूणच.

ताग्याचा पन्हा जेमतेम ३८ सेंटिमीटर, लांबी साधारण १२ मीटर. कात्री लावण्याआधी ते भिजवाच, नाहीतर शिवल्यावर आटेल. बादलीत ४० अंशांचं पाणी घ्या, कापड सैल घडी करून अर्धा तास बुडवून ठेवा. पाणी चहासारखं पिवळट-तपकिरी होईल. घाबरू नका, ती नीळ नसून रंगवण्याच्या पिंपातल्या राखेच्या क्षाराचा नि निळीच्या वनस्पतीचा मळ असतो. तो राहिला तर निळ्यावर मळकट झाक राहते. पाणी नितळ होईपर्यंत बदलत राहा.

आपल्याकडे नव्या कपड्याला मीठ-तुरटी लावतात. इथे उपयोग शून्य. नीळ पाण्यात विरघळतच नाही, तिचे कण धाग्याला चिकटून बसतात. वरवरचे सैल कण घासल्यावर हाताला लागतात, तेवढे जाऊ द्यायचे. म्हणून पहिले चार-पाच वेळा एकटंच धुवा, सौम्य द्रव साबणाने.

ब्लीच अजिबात नको, त्याने नीळ कायमची मोडते. पिळूही नका: पिळलेल्या चुणीच्या कण्यावर रंग घासला जाऊन पांढुरक्या रेघा उमटतात. पंच्यात गुंडाळून दाबा आणि उलटं करून सावलीत वाळवा.