साडी विकण्याआधी परत येणारी साडी मोजा

ऑनलाइन साड्या विकायच्या तर पहिल्याच फेरीत गठ्ठा उचलू नका. दहा-बारा नग घ्या. घेताना प्रत्येक साडी पूर्ण उलगडून पाहा, कारण जुन्या मालाचा रंग घडीच्या रेघेवरच उडालेला असतो आणि गिऱ्हाइकाला तो बरोबर दिसतो.

खरी गंमत हिशोबात आहे. समजा साडी ४५० ची, कुरिअर ८०, पिशवी-पॅकिंग १५. विकली ७०० ला, म्हणजे हातात १५५. पण दहा पाठवल्या आणि दोन परत आल्या, तर त्या प्रत्येकीवर जाण्या-येण्याचे १६० आणि पॅकिंगचे १५, असे १७५ गेले. आठ साड्यांचे १२४० मिळाले, त्यातून ३५० वजा, उरले ८९०. म्हणजे विकल्या गेलेल्या साडीमागे सुमारे १११च. किंमत ठरवताना हाच आकडा धरा, १५५ नाही.

परतावा कमी करायचा तर फोटो खिडकीजवळ, दिवसाउजेडी काढा. पदर, काठ आणि ब्लाउजपीस वेगवेगळे दाखवा. पार्सल भरतानाचा एक सलग व्हिडिओ ठेवाच, वाद झाला की तोच कामी येतो. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर पाठवण्याआधी एक फोन करून पत्ता पक्का करून घ्या. माझ्या मते हा दोन मिनिटांचा फोन कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त पैसे वाचवतो.

आणि परराज्यात माल पाठवणार असाल तर आधी जीएसटी नोंदणीचं सीएला विचारून घ्या.