भूजल पुनर्भरण करताना या चुका टाळा

‘पुनर्भरण केले, तरी विहिरीला पाणी का टिकले नाही?’ हा प्रश्न दर दिवाळीनंतर कानावर येतो, आणि जागेवर जाऊन पाहिले तर दोष पावसाचा क्वचितच निघतो. महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभागाखाली काळा पाषाण आहे. या खडकात पाणी साठायला जागा फार थोडी. जे काही साठते ते वरच्या मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात (मऊ, सच्छिद्र खडकात) आणि भेगांमध्ये. त्यामुळे इथला साठा पावसाळ्यात भरतो, उन्हाळ्यापर्यंत संपतो, आणि त्यात केलेली चूक त्याच वर्षी अंगावर येते.

सर्वाधिक वेळा दिसणारी चूक म्हणजे ओढ्याचे गढूळ पाणी पाइप टाकून थेट विहिरीत सोडणे. सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने गाळणखड्डा खणला होता. पण जून तोंडावर आला होता आणि वाळूची ट्रॉली महाग पडत होती, म्हणून त्यात नुसते मोठे दगड भरून वेळ मारून नेली. पहिल्याच जोरदार पावसात नांगरलेल्या काळ्या रानाचे पाणी आले, दगडांमधून जसेच्या तसे विहिरीत उतरले, आणि भरलेली विहीर पाहून घरात पेढे वाटले गेले. पाऊस संपल्यावर विहीर उपसली, तेव्हा तळाशी गुडघाभर गाळ होता आणि पूर्वेच्या कपारीतल्या मुख्य झऱ्यात चिकणमाती इतकी गच्च बसली होती की ती पहारीने टोकरून काढावी लागली. पूर्वी मार्चपर्यंत साथ देणारी ती विहीर त्या वर्षी संक्रांतीलाच आटली, आणि गाळ काढायला यारी लावण्याचा खर्च वाळूच्या ट्रॉलीच्या कितीतरी पट झाला.

मी नेहमी दोन खड्डे घ्यायला सांगतो. पहिला रिकामा ठेवायचा, म्हणजे गाळ तिथेच खाली बसतो; वरचे निवळ पाणी दुसऱ्यात घ्यायचे, आणि त्यात तळाशी मोठे दगड, त्यावर खडी व सर्वांत वर जाड वाळू असे थर द्यायचे. सुरुवातीचे एक-दोन पाऊस विहिरीकडे वळवायचेच नाहीत, आणि दर मे महिन्यात वरची वाळू काढून धुवायची. एवढा धीर नसेल त्याने पुनर्भरण पुढच्या वर्षावर ढकलावे, कारण अर्धवट खड्ड्यापेक्षा खड्डा नसलेला बरा.

बोअरच्या बाबतीत हीच चूक अधिक गंभीर आहे. पावसाचे पाणी मातीतून मुरताना हळूहळू गाळले जाते. बोअर हा टप्पाच वगळून पाणी खोल भेगांपर्यंत पोहोचवतो. विहिरीत माणूस उतरून गाळ काढू शकतो, बोअरच्या भेगा मात्र बुजल्या की बहुधा बुजल्याच. म्हणून गाळणखड्ड्यातल्या केसिंगला, म्हणजे बोअरच्या वरच्या पाइपला, बारीक छिद्रे पाडून त्यावर काथ्या गुंडाळायचा कंटाळा करू नये, आणि छताचे पाणी घेताना पहिल्या पावसाची धूळ व पक्ष्यांची घाण आधी बाहेर जाऊ द्यावी.

दुसरी गोष्ट शेततळ्याची. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, ती वाहून जाणारा पाऊस अडवण्यासाठी. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी प्लॅस्टिकचा कागद अंथरून ही तळी विहिरी आणि बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वीज खर्चून वर आणायचे आणि उन्हात पसरायचे, याला जलसंधारण म्हणणे मला जमत नाही. तीस मीटर लांब-रुंद तळ्यावरून उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी रोजचे ७,२०० लिटर जातात, आणि खालच्या कागदामुळे एक थेंबही पुन्हा मुरत नाही. शेजाऱ्याची विहीर लवकर आटते ती याच हिशेबात. तळे घ्यायचेच, तर ते ओढ्याच्या वाहत्या पाण्याने पावसाळ्यातच भरावे.

नवख्यांना पोकलेनचे भारी आकर्षण असते. डोंगरावर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर) नाहीत, बांध नाहीत, आणि थेट नाला खोलीकरण सुरू! काम माथ्याकडून पायथ्याकडे व्हावे, नाहीतर पहिल्या पुरात नाला गाळाने भरतो. शिवाय नाला खोलीकरणासाठी गाजलेल्या धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात तापीच्या गाळाचा मोठा पट्टा आहे. तिथल्या खोलीकरणाची नक्कल मुरमाच्या पातळ थरावर केली, तर नाल्याचा तळ आसपासच्या विहिरींच्या पाणीपातळीखाली जातो आणि त्यांचेच पाणी पाझरून नाल्यात येते. समतल चर नजरेच्या अंदाजाने आखू नयेत, हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीने समपातळी दाखवणारे साधे साधन) वापरावा.

पाणी वाढले म्हणून ऊस वाढवणे ही चूक वेगळी समजावून सांगावी लागू नये. ५००-६०० मिलिमीटर पावसाच्या टापूत दीड-अडीच हजार मिलिमीटर पाणी लागणारे पीक कोणत्याही पुनर्भरणाने पुरे पडत नाही. हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घेणे बंद केले आणि पाऊस मोजून पिके ठरवली. लोक तिथले बंधारे पाहून येतात, हा नियम मात्र विसरून येतात.

पुनर्भरणाचा परिणाम पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मोजू नये, कारण तेव्हा दिसते ते वरून आलेले पाणी असते. मे अखेर आणि ऑक्टोबरात, पंप रात्रभर बंद ठेवून, टेपला दगड बांधून पातळी घ्यावी आणि पावसाच्या आकड्याशेजारी लिहावी.

शेवटी, सांडपाण्याचा शोषखड्डा आणि पुनर्भरणाचा खड्डा एकच समजू नये. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा.