जळगाव ते लंडन: अंतर आणि वेळ कशी काढायची

जळगावहून मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. विमानाला साधारण ३५५ पुरतात, त्याला ना मनमाडचा वळसा ना कसाऱ्याचा घाट. हा आकडा घरी काढता येतो. अक्षांशांतला फरक गुणिले १११, रेखांशांतला फरक गुणिले १०४ (आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश एवढाच भरतो). दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या.

हीच रीत मुंबई-लंडनला लावली की सुमारे बाराशे किलोमीटर जास्त येतात, कारण ती पृथ्वी सपाट धरते. तिथे फोनचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्या. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, लंडनचे हीथ्रो विमानतळ ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२५६. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, तिन्हींचा गुणाकार ०.१६९. बेरीज ०.४२५, तिचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ६४.८५ अंश. त्याला १११.२ ने गुणले की सुमारे ७,२१० किलोमीटर.

उत्तर भलतेच आले तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी (DEG) रेडियनवर (RAD) आहे का ते आधी बघा. बहुतेकदा तेच असते. दुसरी चूक पूर्व-पश्चिमची. एक रेखांश पूर्व, दुसरा पश्चिम असेल तर वजाबाकी नाही, बेरीज: ७३.३२.

आता वेळ. जेट ताशी ९०० धरा, म्हणजे आठ तास. चढण्या-उतरण्याचा नि धावपट्टीपर्यंत रांगण्याचा अर्धा-पाऊण तास वर. जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो म्हणून साडेनऊ-दहा तास. येताना तोच पाठीशी, नऊच्या आसपास. जळगाव-मुंबईसारख्या टप्प्यावर पंख्याचे छोटे विमान (एटीआर) असले तर ताशी ५०० च धरा.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. दुपारी २ ला निघून संध्याकाळी ६:३० ला उतरणे म्हणजे साडेचार तास नव्हे. हिवाळ्यात त्यात साडेपाच मिळवा, दहा होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनचे घड्याळ तासभर पुढे असते, तेव्हा साडेचारच मिळवा. परतीला हाच फरक वजा करायचा.

घरापासूनचा हिशेब मात्र आकाशात बिघडत नाही, इगतपुरीच्या आसपास बिघडतो. गाडीचे सात-आठ तास, दादर किंवा ठाण्याहून सहार विमानतळापर्यंत दीड तास, विमानतळावर तीन तास आधी. पावसाळ्यात याच्यावर आणखी पाच-सहा तास सोडा. दरड आली की गाडी तिथल्या तिथे उभी राहते. धुळ्याकडून मुंबई-आग्रा महामार्गाने येणाऱ्यांनाही कसारा घाट चुकत नाही. जळगावहून विमानाने मुंबई गाठणार असाल तर शक्यतो दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळ्या तिकिटांवर पहिले विमान लेट झाले तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही सहसा परत देत नाही.