कमानपाट्याचा चाकू: कापण्यापासून पॉलिशपर्यंत

रानात, गडावर नेता येईल असा दणकट चाकू, ज्याला हल्ली पोरं टॅक्टिकल म्हणतात, करायचा असेल तर पोलाद जीपच्या कमानपाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) घ्या. आमच्या कराडात पाटे दुरुस्त करणाऱ्यांकडे नव्या पाट्याचे कापलेले तुकडे पडलेले असतात, तेच मागा. भंगारातल्या पाट्यात बारीक चीर असली तर वरून दिसत नाही, पाणी देताना, म्हणजे पोलाद तापवून तेलात बुडवून कडक करताना, मात्र उघडी पडते.

पातं ५ इंच पुरे, जाडी ४ मिलिमीटर. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं, घरकाम-शेतीसारख्या कामाचं नसेल तर, परवान्यात येतं. तेवढं मोठं करायचं कारणच नाही.

पाटा भट्टीत लालभडक करून रात्रभर राखेत गाडून ठेवा. सकाळी त्याला कानस लागते. पुठ्ठ्याचा नमुना ठेवून आखा, कापा, पात्याचा उतार कानशीनं काढा. पोलाद मुठीत शेवटपर्यंत अखंड जाऊ द्या आणि पिनांची भोकं आत्ताच पाडा. धारेच्या जागी किमान १ मिलिमीटर जाडी राखा, नाहीतर तेलात पातं वाकतं किंवा तडकतं.

आता पाणी देणं. चाकू खरा इथं होतो. भट्टी दिवेलागणीला पेटवा, उन्हात लाल रंगाचा अंदाज येत नाही. तारेला चुंबक बांधून जवळ ठेवा. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला धरायचं सोडतं. त्यापुढं रंग अजून एक छटा उजळू द्या, म्हणजे ८३० ते ८५०. एवढं तापवून हवेत काळं पडेपर्यंत निववायचं, असं तीनदा. पोलादाचा कण बारीक होतो. चौथ्यांदा तापलं की तेलात. शेंगतेल चालतं, पण ५०-६० अंशांपर्यंत गरम करून, कारण गार तेल घट्ट असतं आणि उष्णता नीट ओढत नाही. जळकं इंजिन ऑइल सर्रास वापरतात. तो धूर छातीत भरतो, कृपा करून वापरू नका. टोक खाली धरून सरळ बुडवा, वरखाली हलवा, आडवं नको. गार झाल्यावर धारेवर कानस ओढा. काचेवरून निसटावी तशी निसटली की जमलं.

पण असं पातं दगडावर पडलं तर फुटेल. म्हणून एक बाजू घासून चकचकीत करा आणि लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा ठेवा. चकचकीत भागावर फिकट पिवळा रंग चढतो, तो हवा. निळा चढला तर धार मऊ पडली. पाणी पुन्हा द्यायचं.

पुढचं ग्राइंडिंग उघड्या हातांनी, डोळ्यांना गॉगल आणि नाकाला मास्क लावून. बोटाला चटका जाणवायच्या आत पातं पाण्यात बुडवा, नाहीतर दिलेलं पाणी उतरतं. मग पॉलिश पेपर: १२०, २२०, ४००, ६००. नंबर बदलला की घासायची दिशा बदला आणि पातं खिडकीशी तिरकं धरून बघा. जुना एक जरी ओरखडा आडवा दिसला तरी पुढचा नंबर घेऊ नका. लोक इथंच कंटाळतात. मिरजेची सतार करणारी घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार-पॉलिश करणारी. त्यांच्या सतारीची सफाई बघितली की हा हात कुठून आला ते कळतं.

चकाकी नको असेल तर पातं साबणानं धुऊन व्हिनेगरमध्ये बुडवा. राखाडी-काळा रंग येतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा.

मुठीला शिसव, पितळी पिना, अरल्डाइट. क्लॅम्प फार आवळू नका, चिकटा सगळा बाहेर येतो. वाळल्यावर घासून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. धार सगळ्यात शेवटी, दोन्ही बाजूंनी २० अंशांत, ओल्या दगडावर. तोवर पात्याला चिकटपट्टी गुंडाळलेली असू द्या.

चामड्याचं म्यान फक्त नेण्यापुरतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि पातं गंजतं. घरी चाकू बाहेर काढून, खोबरेल पुसून ठेवा.