डायनासोरची गोष्ट आणि चित्रं: मुलांसाठी दीड तासाचा कार्यक्रम कसा घ्यावा

पहिल्यांदा असा कार्यक्रम घेतला तेव्हा मी बारा डायनासोरांची नावं पाठ करून गेले होते. पाचव्या नावाला एका चिमुरडीने थांबवलं. "टेरोडॅक्टिल डायनासोर नसतोच!" तिचं बरोबर होतं. टेरोडॅक्टिल उडणाऱ्या टेरोसॉरांपैकी, म्हणजे डायनासोरांच्या भाऊबंदांपैकी. या विषयात मुलं आपल्यापेक्षा हुशार असतात, तेव्हा माहिती देण्याच्या भानगडीत पडू नका. एकच गोष्ट निवडा आणि ती नीट सांगा.

तयारी

पाच ते आठ वयाची दहा-बारा मुलं पुरे. त्याहून लहान असतील तर सोबत एखादं मोठं माणूस हवं. सामान थोडकंच: मोठे कोरे कागद, तेलखडू, जुनी वर्तमानपत्रं, 12 मीटर सुतळी आणि हात पुसायला ओली फडकी. छापील बाह्यरेषेची रंगवायची चित्रं आणू नका. ती दिली की मुलं रेषेबाहेर रंग गेला का एवढंच बघत बसतात. स्केचपेनही नकोत, निम्मा वेळ टोपणं शोधण्यात जातो.

गोष्ट: अंडीचोराची

मी दर वेळी ओव्हिरॅप्टरची गोष्ट सांगते. खरी आहे, आणि तिच्यात एका निरपराध्यावर आळ येतो. मुलांना न्यायाची चाड मोठ्यांपेक्षा जास्त असते.

1923 साली मंगोलियातल्या गोबी वाळवंटात शास्त्रज्ञांना अंड्यांचं एक घरटं सापडलं आणि त्यावरच एका डायनासोरचा सांगाडा. बिनदातांची चोच, लांब बोटं. अंडी दुसऱ्याच कुणाची, प्रोटोसेराटॉप्सची असणार, असं तेव्हा सगळ्यांनी धरलं. मग हा इथे काय करत होता? चोरी! पुढच्याच वर्षी त्याचं नाव पडलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर.

इथे थांबायचं. वर्तमानपत्राचे बोळे करून जमिनीवर गोल मांडा. एका मुलाला मधे उकिडवं बसवा आणि दोन्ही हात पंखांसारखे बोळ्यांवर पसरायला सांगा. बाकीच्यांना विचारा, "हा चोर दिसतो का?" घाई करू नका, भांडू द्या त्यांना. माझ्याकडे एकदा एक मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "चोर असता तर पळाला असता ना." वकिलालाही इतकं नेमकं सुचलं नसतं.

मग शेवट सांगायचा. 1993 मध्ये गोबीतच तशा एका अंड्यात न जन्मलेलं पिल्लू सापडलं, आणि ते निघालं ओव्हिरॅप्टरच्याच कुळातलं. त्याच कुळातले डायनासोर घरट्यावर हात पसरून बसलेले सापडले, ते अंडी उबवण्याच्याच पवित्र्यात. सत्तर वर्षं ज्याला चोर म्हटलं, तो आपल्याच घरट्यावर बसलेला असणार. नाव मात्र बदललं नाही, कारण शास्त्राच्या नियमाप्रमाणे एकदा ठेवलेलं नाव अर्थ चुकला म्हणून काढता येत नाही. इथे मुलं हमखास चिडतात. चिडू द्या. त्यांनी नवं नाव सुचवलं तर लिहून ठेवा, पुढे लागेल.

"मग ते मेले कसे?" हा प्रश्न येतोच. वाळूखाली गाडले गेले, एवढं सरळ सांगून पुढे जावं.

सुतळी

गोष्टीनंतर मुलं बसून कंटाळलेली असतात, म्हणून चित्रांआधी त्यांना उठवायचं. सुतळी सरळ ताणून धरायला लावा: हा टी-रेक्स, थोराड असेल तर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण 12 मीटर. खोलीत मावत नसेल तर उत्तमच, दाराबाहेर गेलेलं शेपूट मुलं विसरत नाहीत. मग त्याच सुतळीवर दोन मीटरच्याही आत गाठ मारा. हा आपला ओव्हिरॅप्टर.

चित्रं

विषय एकच द्या: घरट्यावर बसलेल्या डायनासोरचं पुढे काय झालं? ती आई की बाबा, तेही मुलंच ठरवतील. ज्यांना टी-रेक्सच काढायचा असतो (असे दोघे-तिघे असतातच) त्यांना काढू द्यावा.

त्यांना एक युक्ती मात्र दाखवा. मुलं टी-रेक्स कांगारूसारखा उभा काढतात, शेपूट जमिनीवर टेकवून. पूर्वी शास्त्रज्ञांनीही तसाच उभा केला होता. आता समजूत अशी की तो सी-सॉसारखा तोलून चालायचा. कागदावर आडवी रेघ मारा, मधोमध आडवं अंडं काढा. रेघेच्या एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाला शेपूट, अंड्याखाली दोन जाडजूड पाय आणि छातीशी दोन इवलेसे हात. एवढं करून तुमचा कागद उलटा घाला, नाहीतर सगळे तुमचंच चित्र उतरवून काढतात.

रंगावरून मुळीच टोकू नका. बहुतेक डायनासोरांचा रंग कुणालाच माहीत नाही, त्यामुळे जांभळा टी-रेक्स चूक ठरवायला आपल्याकडे पुरावा नाही. मोजक्यांचा थोडाफार कळलाय: सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस-तपकिरी पट्टे होते, हे 2010 मध्ये त्याच्या पिसांच्या जीवाश्मातल्या रंगकणांवरून समजलं. हे सांगितलं की पट्टे काढायची लाट येते. कुणी स्टेगोसॉरस आणि टी-रेक्सची मारामारी काढली तर जाता जाता सांगा की दोघांमध्ये सुमारे आठ कोटी वर्षांचं अंतर होतं. खोडायला मात्र लावू नका.

"हे काय काढलंस?" असं विचारलं की मूल हिरमुसतं. "इथे काय चाललंय, सांग ना," म्हणा.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा आणि मघाशी लिहून ठेवलेली नावं वाचून दाखवा. मग प्रत्येकाला आपल्या डायनासोरचं नाव ठेवायला सांगा आणि ते मूल म्हणेल तसंच्या तसं चित्राखाली लिहा. गेल्या वेळी माझ्याकडे एक "अंडीराखोसॉरस" होता, हिरवा, पाठीवर छत्री घेतलेला.